वकिलाविरुद्ध तक्रार कोठे करायची?

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचे कोर्टात एखादे तरी प्रकरण चालू असते. कोणाची देणी कामगार न्यायालयात अडकलेली, कोणाचा अपघाताच्या भरपाईचा दावा, तर एखाद्या भगिनीचा पोटगीचा अर्ज. दागिना मोडून वकिलाची फी भरली जाते. पुढे मात्र 'तारीख पडली' एवढेच उत्तर वर्षानुवर्षे मिळत राहते, आणि एके दिवशी कळते की दावा गैरहजेरीमुळे केव्हाच निकाली निघाला. तरीही 'वकीलसाहेबांना कसे विचारायचे?' या संकोचाने माणूस गप्प बसतो.

बाबासाहेबांनी १९२३ साली मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. परळच्या दामोदर हॉलमधील त्यांच्या कचेरीत गोरगरीब आपली गाऱ्हाणी घेऊन येत. त्या बाबासाहेबांच्या लेकरांनी वकिलापुढे मान खाली घालून उभे राहावे, हे शोभत नाही. प्रामाणिक वकील पुष्कळ आहेत. पण जो फसवतो त्याला जाब विचारण्याची सोय कायद्यातच आहे.

गैरवर्तन कशाला म्हणावे?

केवळ खटला हरला म्हणून वकील दोषी ठरत नाही. त्यावर अपील हाच मार्ग. परंतु पक्षकाराच्या नावाने आलेले पैसे दाबून ठेवणे, हिशेब न देणे, विरुद्ध पक्षाला सामील होणे, खोट्या तारखा सांगत राहणे, हे गैरवर्तन आहे. भरपाईच्या रकमेत अमुक टक्के वाटा ठरवून घेणे अनेकांना रिवाज वाटतो, पण बार कौन्सिलच्या नियमांनी त्याला मनाई आहे. फी बाकी आहे म्हणून कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे.

आधी प्रकरण वाचवा

प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो वकिलाकडून लिहून घ्या. ई-कोर्टच्या मोबाईल ॲपवर तो टाकला की पुढची तारीख दिसते. घरातील शिकत्या मुला-मुलींवर हे काम सोपवा.

दिवाणी दावा गैरहजेरीमुळे फेटाळला गेला असेल, तर तो पुन्हा सुरू करण्याचा अर्ज ३० दिवसांत करावा लागतो. उशीर झाला असल्यास सबळ कारण दाखवून माफीही मागता येते. वकिलाच्या चुकीची शिक्षा निरपराध पक्षकाराला होऊ नये, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली रफीक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात घेतली होती. परंतु तिच्या भरवशावर स्वस्थ बसू नये.

वकील बदलायचा असल्यास जुन्या वकिलाची 'ना हरकत' घ्यावी. ती मिळत नसेल, तर कोर्टाच्या परवानगीने वकीलपत्र रद्द करता येते.

तक्रारीची पद्धत

प्रथम वकिलाला स्पीड पोस्टाने पत्र पाठवून कागदपत्रे व हिशेब मागा. पत्राची प्रत आणि पोहोच जपून ठेवा. उत्तर न आल्यास बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा या मुंबईतील संस्थेकडे तक्रार करा. वकिलांचा कायदा १९६१, कलम ३५ खाली ही तक्रार होते. ती मराठीतही करता येते. खाली सही व सत्यापन हवे. किती प्रती आणि किती शुल्क, हे कौन्सिलच्या कार्यालयात विचारून घ्या. काय घडले ते तारीखवार लिहा. सोबत वकीलपत्राची प्रत, फीच्या पावत्या आणि कोर्टाचे आदेश जोडा.

तक्रारीत तथ्य दिसल्यास ती तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे जाते. समिती वकिलाला समज देऊ शकते, काही काळ वकिलीस बंदी करू शकते किंवा त्याचे नाव सनदी वकिलांच्या यादीतून काढून टाकू शकते. एक वर्षात निकाल लागला नाही, तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. समितीचा निर्णय मान्य नसेल, तर तेथेच ६० दिवसांत अपील करता येते. मध्येच तडजोड झाली म्हणून तक्रार आपोआप संपत नाही.

मात्र समितीच्या निर्णयाने हरलेला खटला जिंकला जात नाही. पैशांची फसवणूक झाली असेल, तर पोलीस ठाणे व दिवाणी न्यायालय हे वेगळे मार्ग आहेत. ग्राहक मंचाचा रस्ता मात्र बंद आहे. वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला.

मोफत वकील हा आपला हक्क

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जातीच्या व्यक्तींना व सर्व स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीमुळे बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. म्हणून जातीचा दाखला तयार ठेवा. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० या क्रमांकावर विचारा. असा वकील पैसे मागू लागला, तर त्याच प्राधिकरणाकडे तक्रार करा.

बंधू-भगिनींनो, पावतीशिवाय फी देऊ नका, कोऱ्या कागदावर सही करू नका आणि घरात कोर्टाच्या कागदांची एक फाईल ठेवा. विहारातील रविवारच्या बैठकीत हा लेख वाचून दाखवा. ज्याला वाचता येत नाही, त्याचे प्रकरण दुसऱ्याने वाचावे. एकट्याने भीती वाटते, चौघे मिळून गेले की ती उरत नाही.

जयभीम!