पान्याची किंमत कशात असते?

पान्याचा दर्जा तीन गोष्टींवर ठरतो: पोलाद, त्याला दिलेले पाणी आणि तोंडाच्या मापातील अचूकता. क्रोम-व्हॅनेडियम पोलाद घडवून, तापवून तेलात विझवले की कठीण होते. पुन्हा बेताने तापवल्यावर त्याचा ठिसूळपणा कमी होतो. ही प्रक्रिया फसली तर पाना वाकतो किंवा तडकतो. तोंड सैल असेल तर सगळा जोर नटाच्या कोपऱ्यांवर येतो आणि नट गोल होतो.

पंजाबात जालंधर व लुधियाना ही हातहत्यारांची मोठी उत्पादन केंद्रे आहेत. हातहत्यारांची केंद्रीय संस्थाही जालंधरलाच आहे. त्यामुळे जवळच्या चंदीगडमधील मनीमाजरा भागातल्या मोटार मार्केटमधील मेकॅनिकला चांगली देशी हत्यारे परवडतात. नाशिकच्या टपारिया कंपनीची हत्यारेही याच वर्गातली.

महागड्या हत्यारांत रॅचेटचे बारीक दाते, पातळ पण मजबूत कडा आणि दीर्घ हमी यांचे पैसे असतात. म्हणून फिक्स पाने, रिंग पाने, पक्कड, हातोडी ही भरवशाची देशी घ्यावीत. रॅचेट आणि टॉर्क पाना यांवर मात्र जास्त खर्च करावा. निर्मात्याचे नाव नसलेले हत्यार टाळावे, कारण त्याच्या दर्जाची खात्री नसते आणि निसटलेला पाना हाताला इजा करतो.