लाकडी कंगवा घ्यावा का?

केस गळायला लागले की घरात पहिल्यांदा शाम्पू बदलतो, मग तेल बदलते आणि हल्ली कंगवाही बदलतो. कडुनिंबाचा, शिसवीचा, चंदनाचा म्हणून विकला जाणारा लाकडी कंगवा प्रदर्शनांत, आयुर्वेदिक दुकानांत आणि मोबाइलवरच्या जाहिरातींत सगळीकडे दिसतो. प्लास्टिकचा साधा कंगवा दहा-वीस रुपयांत मिळतो, हा त्याच्या कितीतरी पट महाग. पण तो केस गळणे थांबवतो, कोंडा घालवतो, मुळांना पोषण देतो, रक्ताभिसरण वाढवतो असे सांगितले जाते. एवढे सगळे एका कंगव्यात मिळत असेल तर घ्यायला हरकत कोणाची? पण यातले खरे किती, हे आधी पाहायला हवे.

सुरुवात केसापासून करू. डोक्यावर दिसणारा केस निर्जीव असतो. जिवंत असते ते त्याचे मूळ, कातडीच्या आत काही मिलिमीटर खोल. बाहेरचा केस म्हणजे केराटिन या प्रथिनाचा धागा. त्याच्यावर अतिशय पातळ खवल्यांचे आवरण असते. कोकणातल्या घरांवर कौले जशी एकावर एक रचलेली असतात तसे हे खवले मुळाकडून टोकाकडे बसलेले असतात. कौले नीट बसलेली असली की पाणी सरळ वाहून जाते, तसे हे खवले नीट बसलेले असले की केस गुळगुळीत आणि चमकदार दिसतो. खवले उचकटले की केस एकमेकांत अडकतात, गुंता होतो, टोके फाटतात. एकदा निघालेला खवला परत येत नाही, कारण निर्जीव धागा स्वतःला दुरुस्त करू शकत नाही. त्यामुळे कोणताही कंगवा केसाला ‘पोषण’ देऊ शकत नाही. मात्र तो केसाचे नुकसान कमी किंवा जास्त नक्कीच करू शकतो, आणि लाकडी कंगव्याचा खरा मुद्दा इथेच आहे.

प्लास्टिकचे स्वस्त कंगवे साच्यात ओतून केलेले असतात. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे दातांच्या कडेला एक बारीक धार उरते. डोळ्यांना ती दिसत नाही, पण नखाला लागते. रोज दोनदा ही धार केसांवरून फिरली की खवले खरवडले जातात. चांगल्या लाकडी कंगव्याचे दात कापून आणि घासून गुळगुळीत केलेले असतात, त्यांची टोके गोल असतात आणि दोन दातांमधले अंतर जास्त असते. त्यामुळे केस कमी ओढले जातात. पण हा गुण लाकडाचा कमी आणि घडणीचा जास्त आहे. नीट घासलेला प्लास्टिकचा किंवा शिंगाचा कंगवाही तेच काम करतो, आणि नीट न घासलेला लाकडी कंगवा प्लास्टिकपेक्षा वाईट. त्याची बारीक कुसळे केस अडकवतात आणि टाळूही खरचटवतात.

लाकडाचा स्वतःचा म्हणावा असा गुण एकच, तो म्हणजे स्थिर विद्युत. शाळेत सगळ्यांनी प्लास्टिकचा कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचललेले असतात. कंगव्यावर ऋण भार येतो, केसांवर धन. मग सारखा भार असलेले केस एकमेकांना दूर ढकलतात आणि भुरभुर उडतात. लाकूड हवेतला ओलावा थोडा धरून ठेवते, त्यामुळे त्यावर भार साचून राहत नाही. नागपूर-अमरावतीकडच्या कोरड्या थंडीत, किंवा दिवसभर एसीत बसणाऱ्यांना हा फरक जाणवेल. मुंबईच्या दमट हवेत तो क्वचितच कळेल. आणि केसांना तेल लावून विंचरणाऱ्यांना तर या गुणाचा फारसा उपयोगच नाही, कारण तेल लावलेले केस मुळात उडत नाहीत.

आता कोंड्याचे. कडुनिंबाच्या पाल्यात आणि बियांच्या तेलात जंतुनाशक घटक आहेत, हे खरे. पण वाळलेल्या, घासलेल्या लाकडातून ते टाळूत उतरतील आणि तिथे उपचार करण्याइतके साठतील, असे मानायला आधार नाही. कोंड्यामागे बहुतेक वेळा मॅलॅसेझिया नावाची यीस्ट असते. ती टाळूच्या तेलावर जगते. तिच्यासाठी किटोकोनॅझोलसारखे बुरशीविरोधी शाम्पू आहेत. ते काही मिनिटे टाळूवर ठेवून धुवायचे असतात, लावल्या-लावल्या धुतले तर पैसे वाया जातात. रक्ताभिसरणाचेही तसेच. हळू विंचरल्याने बरे वाटते, झोपही छान लागते, पण केसांच्या मुळांना रक्त कमी पडते म्हणून केस गळत नाहीत.

मग गळतात कशाने? आधी थोडे गणित. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यातले साधारण दहा टक्के, म्हणजे दहा हजार, विश्रांतीच्या अवस्थेत असतात आणि जवळपास तीन महिन्यांत गळून पडतात. म्हणजे दिवसाला शंभरच्या आसपास केस जाणे हा शरीराचा नेहमीचा व्यवहार आहे. लांब केस असतील आणि तीन दिवसांनी न्हाणे होत असेल तर मोरीच्या जाळीवर पडलेला पुंजका पाहून धस्स होते, पण तो तीन दिवसांचा हिशोब एकदम मिळालेला असतो.

त्याहून जास्त गळती होत असेल तर दोन-तीन महिने मागे जाऊन पाहावे. डेंग्यू, टायफॉइड, कोविड, बाळंतपण, मोठे ऑपरेशन किंवा अतिशय कमी खाऊन केलेले डाएट, यांपैकी काहीतरी बहुधा सापडते. शरीराला धक्का बसला की बरेच केस एकाच वेळी विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. ही गळती बहुतेकांची काही महिन्यांत आपोआप थांबते. गंमत अशी की लोक याच काळात कंगवा किंवा तेल बदलतात आणि श्रेय त्यालाच मिळते.

ज्यांची गळती थांबत नाही त्यांचा प्रश्न वेगळा आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, देशात आणि महाराष्ट्रातही. पाळीत जास्त रक्तस्राव, जेवणात लोह कमी, घरात सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाणे, आणि त्यातून येणारा थकवा ‘बायकांचे असेच असते’ म्हणून सोडून दिला जातो. अशी बाई केस गळतात म्हणून महागडा कंगवा घेते, पण साधी हिमोग्लोबिनची तपासणी करून घेत नाही. ती तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. थायरॉइडचा विकारही असाच लपून राहतो. स्वतःच्या मनाने बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: या गोळ्यांमुळे थायरॉइडच्या रक्ततपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात. तपासणीपूर्वी डॉक्टरांना त्याबद्दल सांगावे.

भांग रुंद होत चालला असेल, नाण्याएवढी चाई पडली असेल, किंवा टाळूवर लाली, खाज, पू असून तिथले केस जात असतील, तर वाट पाहू नये. काही आजारांत केसांचे मूळच नष्ट होते, तिथे नंतर केस उगवत नाहीत. कंगवा, तेल, लेप यांत गेलेले सहा महिने त्या वेळी परत मिळत नाहीत. शाळकरी मुलांच्या डोक्यातला नायटाही असाच. त्यावर वरून लावायचे मलम पुरत नाही, कारण बुरशी केसाच्या आत असते. पोटात घ्यायचे औषध काही आठवडे लागते.

रोज घट्ट ओढून बांधलेला पोनीटेल किंवा अंबाडा कपाळावरचे आणि कानशिलांवरचे केस हळूहळू पातळ करतो, आणि तिथे कंगवा कोणताही वापरला तरी फरक पडत नाही. शाळेसाठी मुलींच्या वेण्या इतक्या घट्ट घालायची गरज नसते की भुवया वर ओढल्या जाव्यात.

उवांसाठी माणूस फार जुन्या काळापासून कंगवा वापरतो. इस्राएलमध्ये लाखीश इथल्या उत्खननात सुमारे ३७०० वर्षांपूर्वीचा एक छोटा हस्तिदंती कंगवा मिळाला. त्यावर कोरलेल्या ओळीत केसांतल्या आणि दाढीतल्या उवा नाहीशा होवोत, अशी इच्छा व्यक्त केली आहे. आपल्याकडची लाकडी फणीही त्याच कामाची. फणीने उवा निघतात, पण लिखा केसाला घट्ट चिकटलेल्या असतात. त्यांच्यासाठी धातूच्या अगदी जवळजवळ दातांची फणी चांगली. केस ओले करून, कंडिशनर लावून, दर तीन-चार दिवसांनी असे दोन आठवडे विंचरावे. पर्मेथ्रिनचे औषध लावले असेल तर सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावावे, कारण पहिल्या वेळी वाचलेल्या लिखांतून तोवर नव्या उवा बाहेर येतात.

इथेच लाकडाची मोठी अडचण येते. उवा झालेल्या घरात कंगवे गरम पाण्यात पाच-दहा मिनिटे बुडवून ठेवावे लागतात. प्लास्टिक आणि धातू ते सहन करतात, लाकूड फुगते, वाकते, चिरते. म्हणून लाकडी कंगवा ज्याचा त्याचा वेगळा असावा. घरभर फिरणारा एकच कंगवा लाकडी तर मुळीच नको.

एवढे समजून घेऊन ज्याला घ्यायचा त्याने खुशाल घ्यावा. केस लांब, कुरळे किंवा रंगवलेले असतील, गुंता फार होत असेल, तर रुंद दातांचा गुळगुळीत कंगवा उपयोगी पडतो आणि लाकडी हाताला छान वाटतो. घेताना दात मनगटाच्या आतल्या बाजूवरून फिरवून पाहावेत. त्याहून चांगली परीक्षा म्हणजे जुन्या रेशमी साडीचा पदर: धागा अडकला तर कंगवा परत ठेवावा. लाकडाचे तंतू दातांच्या लांबीच्या दिशेने असावेत, आडवे असतील तर दात मोडतात. चकचकीत रंग किंवा व्हार्निशचा टाळावा, त्याचे पोपडे निघतात.

विंचरताना आधी टोकांचा गुंता सोडवावा, मग मध्यावर यावे आणि शेवटी मुळापासून खाली. ओला केस ताणला जातो आणि लवकर तुटतो, म्हणून सरळ केस जरा वाळू द्यावेत. कुरळे केस मात्र ओलसर असताना, कंडिशनर लावून सोडवलेले बरे. दिवसाला शंभर वेळा विंचरण्याचा जुना सल्ला सोडून द्यावा, त्याने केस फक्त जास्त घासले जातात. लाकडी कंगवा आठवड्यातून एकदा जुन्या टूथब्रशने झाडावा, ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडा करावा, अधूनमधून खोबरेल तेलाचा हात द्यावा. पावसाळ्यात बाथरूममध्ये ठेवला तर त्यावर बुरशी धरते. काळे ठिपके दिसले की तो टाकून द्यावा.