बहुप्रसवा माता आणि तिचे मूल

जिला चार-पाच मुले झाली आहेत, तिला पुढचे बाळंतपण सोपे जाते, अशी समजूत आपल्या देशात जवळजवळ सर्वत्र आढळते. ही समजूत केवळ अशिक्षितांचीच होती असे नाही; पाश्चात्त्य वैद्यकातही ती दीर्घकाळ रूढ होती. डब्लिन येथील रोटुंडा प्रसूति-रुग्णालयाचे माजी प्रमुख बेथेल सॉलोमन्स यांनी १९३४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात लेख लिहून बहुप्रसवा स्त्रीला ‘धोकादायक’ हे विशेषण लावले, ते या समजुतीला उत्तर म्हणूनच. वास्तविक भारतीय वाचकाला यासाठी डब्लिनपर्यंत जाण्याचे कारण नाही. मुमताज महल १६३१ साली बुऱ्हाणपूर येथे चौदाव्या बाळंतपणात मरण पावली. बादशहाच्या पदरी हकिमांची वाण नव्हती. तरीही तिच्या चौदा अपत्यांपैकी सातच मोठी झाली.

पाच किंवा त्याहून अधिक वेळा प्रसूत झालेल्या स्त्रीला सामान्यतः बहुप्रसवा म्हणतात. तिच्या प्रसूतिवेदना पुष्कळदा लवकर आटोपतात, हे खरे आहे. धोका असतो तो मूल बाहेर आल्यानंतर. दिवस भरलेल्या गर्भाशयातून दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त वाहत असते. वार सुटली की तिच्या जागच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात, आणि गर्भाशयाचे स्नायू घट्ट आवळले गेले तरच त्या बंद होतात. वारंवार ताणल्या गेलेल्या गर्भाशयाची ही आवळण्याची शक्ती कमी पडू शकते. तसे झाल्यास थोड्याच वेळात बाळंतीण दगावण्याची वेळ येते.

त्यात रक्तक्षयाची भर पडते. एका गरोदरपणात स्त्रीला सुमारे एक ग्रॅम लोह लागते. एक मूल अंगावर पीत असतानाच दुसरे पोटात आले, तर ही तूट भरून निघण्यास अवधीच मिळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रिया रक्तक्षयाने पीडित आढळल्या. सुदृढ स्त्री जेवढा रक्तस्राव सहन करते, तेवढाच अशा स्त्रीच्या जिवावर बेततो. पोटाचे स्नायू सैल पडल्यामुळे मूल आडवे येणे, वार गर्भाशयाच्या मुखाशी असणे, क्वचित गर्भाशय फाटणे आणि पुढे वयात अंग बाहेर येणे, हीही याच मालिकेतील संकटे होत. यांपैकी शेवटच्याविषयी स्त्रिया वर्षानुवर्षे अवाक्षरही काढीत नाहीत.

नवजात बालकाची गोष्ट थोडी निराळी आहे. पहिल्या मुलापेक्षा पुढची मुले सहसा वजनाने किंचित अधिक भरतात. पण दोन मुलांतील अंतर फार थोडे असेल, तर अपुऱ्या दिवसांचे व अडीच किलोग्रॅमहून कमी वजनाचे मूल जन्मण्याचा संभव वाढतो. म्हणूनच प्रसूतीनंतर पुन्हा दिवस राहण्यापूर्वी किमान चोवीस महिने जाऊ द्यावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. अनेक मुलांची आई बहुधा वयानेही मोठी असते, आणि आपल्याकडे बहुधा गरीबही. त्यामुळे दोष बाळंतपणांच्या संख्येचा किती, वयाचा किती आणि दारिद्र्याचा किती, हे वेगळे काढणे कठीण जाते. उत्तम प्रसूतिसेवा जेथे सर्वांना मिळते, तेथे बहुप्रसवा स्त्रियांचा धोका बराच कमी झालेला दिसतो. रक्तगट आधी माहीत असणे, गरोदरपणातच रक्तक्षयावर उपचार होणे आणि मूल जन्मताच ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देणे, या गोष्टी काही फार खर्चाच्या नाहीत.

भारतात १९९२–९३ साली दर स्त्रीमागे सरासरी ३.४ मुले होती. २०१९–२१ मध्ये हे प्रमाण २.० वर आले. रुग्णालयात होणाऱ्या प्रसूतीही शेकडा ८८ च्या वर गेल्या. तथापि बिहारमध्ये सरासरी अद्याप तीनच्या आसपास होती. शिवाय अपत्यांचा क्रमांक जसजसा वाढतो, तसतसे रुग्णालयात जाण्याचे प्रमाण घटत जाते, असेही या पाहण्यांतून दिसते. घरात आधीची चार मुले सांभाळायची असतात, आणि सासूही म्हणते, “एवढी झाली, हेही होईल.”