उसाच्या शेतातून आलेलं गाणं

१९८३ साल मायकेल जॅक्सनच्या 'थ्रिलर'ने व्यापून टाकलं होतं. त्याच वर्षी ब्रिस्बेनच्या 'द गो-बिटवीन्स' या बँडचा 'बिफोर हॉलिवूड' आला. खप बेताचाच. पण त्या काळातला शब्दांसाठी ऐकावा असा अल्बम मला विचाराल, तर मी डोळे मिटून हाच सांगेन.

ग्रँट मॅक्लेनन आणि रॉबर्ट फॉर्स्टर ही विद्यापीठात भेटलेली, पुस्तकांत आणि सिनेमात रमणारी दोन पोरं. १९७७ मध्ये त्यांनी बँड काढला. पुढे लंडनमध्ये ओढगस्तीत राहत असताना मॅक्लेननने गायक निक केव्हची गिटार हाती घेऊन 'कॅटल अँड केन' रचलं. शाळेतून उसाच्या शेतांमधून घरी येणारा मुलगा, वडिलांचं हरवलेलं घड्याळ, मग पुस्तकांचं मोठं जग, एवढाच मजकूर. वडील त्याच्या लहानपणीच गेले होते, पण गाण्यात त्याबद्दल चकार शब्द नाही; घड्याळच सगळं बोलतं. ठेकाही सरळ चार मात्रांचा नाही. ओळ संपली असं वाटतं आणि ती आणखी पुढे जाते, आठवणीला आठवण फुटावी तशी. लिंडी मॉरिसनने ड्रमवर तो तोल फार नाजूक हाताने सांभाळलाय. कापसाच्या आणि केळीच्या वावरांतून शाळेत गेलेल्या खानदेशी माणसाला हे गाणं परकं वाटूच शकत नाही. आमच्या धरणगावात १८९० साली जन्मलेल्या बालकवींनीही डोळ्यांपुढचं रान असंच भाष्य न करता कवितेत आणलं.

त्याच सुमारास ग्लासगो परिसरात 'ऑरेंज ज्यूस' आणि 'अ‍ॅझ्टेक कॅमेरा' हे बँड होते. 'अ‍ॅझ्टेक कॅमेरा'चा पहिला अल्बम १९८३ चा, तेव्हा रॉडी फ्रेम अवघा एकोणीस वर्षांचा. 'प्रीफॅब स्प्राउट' या बँडचा 'स्वून' १९८४ चा. तो हुशार आहे, पण हुशारी जरा जास्तच मिरवतो.

आपल्याकडे हा वारा आलाच नाही असं नाही. 'तीन पैशाचा तमाशा'त (१९७८) नंदू भेंडे यांनी मराठी रंगभूमीवर रॉकचा गळा आणला. पण या बँडांचा खरा सोयरा गोव्यात सापडतो. मुंबईच्या जे. जे.मधून वास्तुकला शिकलेले रेमो फर्नांडिस शिवोलीच्या घरी बसले, चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर एकेक वाद्य आणि एकेक आवाज स्वतःच भरत गेले आणि १९८४ मध्ये 'गोवन क्रेझी' तयार झाला. कॅसेटी त्यांनी स्कूटरवरून स्वतःच दुकानोदुकानी पोचवल्या. इंग्रजीतून गाऊनही त्यांनी गोव्याचाच माणूस आणि गोव्याचीच दुखणी मांडली. त्यांचं नाव निघालं की लोकांना पुढची सिनेमाची गाणी आठवतात, हा त्या कॅसेटवर झालेला अन्याय आहे.

मॅक्लेनन २००६ मध्ये गेला. २०१० साली ब्रिस्बेनमध्ये नदीवर 'द गो-बिटवीन्स'च्या नावाचा नवा पूल खुला झाला. ही गाणी आज मोबाईलवर सहज मिळतात. या दिवाळीत 'कॅटल अँड केन' एकदा शब्द समोर ठेवून ऐका, आणि मग 'गोवन क्रेझी' लावा.