दुकानाची पाटी आता पडद्यावर

घरातला गिझर बिघडला की पूर्वी आपण शेजारी जाऊन विचारायचो, ‘काकू, तुमच्याकडे दुरुस्तीला कोण येतो हो?’ काकू नाव सांगायच्या आणि वर ‘हात चांगला आहे, पण वेळेचा भरवसा नाही’ असा शेराही मारायच्या. त्या एका वाक्यात जाहिरात, शिफारस आणि इशारा असं सगळंच असायचं. आता तोच प्रश्न आपण मोबाइलला विचारतो. आणि मोबाइल जी नावं दाखवतो त्यांत आपल्याच गल्लीत वीस वर्षं काम करणारा कारागीर बहुधा नसतोच. असतात त्या गिऱ्हाईक मिळवून देणाऱ्या मोठ्या कंपन्या. त्या कारागिराला काम देतात खऱ्या, पण त्याच्या मजुरीतला आपला हिस्साही कापून घेतात. या माणसाला गिऱ्हाइकापर्यंत थेट कसं पोचता येईल, याबद्दल मला आज बोलायचं आहे.

यू-ट्यूबवरची पहिली चित्रफीत २३ एप्रिल २००५ची. १९ सेकंदांची. एक तरुण प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून दोन वाक्यं बोलतो, बस्स. आपल्याकडे मात्र व्हिडिओ घरोघरी पोचला तो २०१६च्या सप्टेंबरनंतर, जिओ आल्यावर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला तेव्हा. त्याआधी मिनिटभराचा व्हिडिओ पाहतानाही लोक पैशांचा हिशेब करत. आज भाजीवालाही गिऱ्हाईक नसताना पडद्यात डोकं घालून बसलेला दिसतो.

छोट्या व्यावसायिकांशी बोलताना मला हमखास ऐकू येणारी शंका अशी : ‘सगळं दाखवून टाकलं, तर मला बोलावणार कोण?’ शंका रास्त आहे. म्हणून एक उदाहरण घेऊ. पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनमधलं पाणी बाहेर जात नाही, ही नेहमीची तक्रार. बऱ्याच मशीनमध्ये खाली कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं आणि त्याच्या आत पंपाची जाळी. मशीनचं बटण बंद करायचं, खाली ताटली धरायची, जाळी हळूहळू फिरवून काढायची. आतून नाणी, केसांच्या पिना, क्वचित बाळाचा मोजाही निघतो. हे सारं तीन मिनिटांत दाखवता येतं.

आता बघा, पाहणाऱ्यांपैकी काहीजण स्वतःच जाळी साफ करतील. ते तसेही चार ठिकाणी विचारून, घासाघीस करून शेवटी स्वतःच खटपट करणारे. बाकीच्यांना वाकायचं नसतं किंवा जाळी साफ करूनही पाणी तसंच राहिलेलं असतं. त्यांनी या माणसाचा हात चालताना पाहिलेला असतो, आवाज ऐकलेला असतो. ‘याला कळतंय’ हे त्यांना कोणी वेगळं सांगावं लागत नाही. शिवाय उगाच खेपा घालणंही वाचतं. गिऱ्हाइकाने फोनवर तक्रार सांगितली की दुवा व्हॉट्सॲपवर पाठवायचा. ‘हे करून बघा, नाही जमलं तर येतो.’ माझ्या मते व्हिडिओचा सर्वांत मोठा उपयोग हाच, आणि त्याकडेच सर्वांचं दुर्लक्ष होतं.

व्हिडिओ सापडतो कसा? लोक दुकानाचं नाव शोधत नाहीत, आपलं दुखणं शोधतात. म्हणून ‘अमुक सर्व्हिसेसमध्ये आपले स्वागत आहे’ हे शीर्षक निरुपयोगी. ‘गिझर गरम होतो पण पाणी कोमट येतं’ हे गिऱ्हाइकाच्या तोंडचं वाक्य शीर्षकात हवं आणि सोबत गावाचं नाव. बोअरवेलच्या जड पाण्याने गिझरच्या कॉइलवर चढलेला क्षाराचा थर दाखवलात, तर त्या भागातला माणूस तुमचा झालाच म्हणून समजा. पहिल्या दहा सेकंदांत प्रश्न मांडा; गणपतीचा फोटो, फिरणारं बोधचिन्ह आणि ढोल-ताशा नंतर. खिडकीकडे तोंड करून बोला. पैसे खर्चायचेच, तर कॅमेऱ्याऐवजी कॉलरला लावायच्या माइकवर खर्चा. चित्र थोडं अंधारं चालतं, पण बोलणं ऐकू आलं नाही तर माणूस पुढे जातो. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद असते, तिथेही तीस सेकंदांपर्यंतचा व्हिडिओ टाकता येतो. दुकानाचा दर्शनी भाग आणि गल्लीचं तोंड एवढं दाखवलं तरी पुरे.

किती जणांनी पाहिलं, या आकड्याची नशा मात्र वाईट. नाचून लाखभर लोक मिळतील. त्यांतले किती तुमच्या तालुक्यातले? कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मोटार रिवाइंडिंगवाल्याला गुवाहाटीच्या टाळ्या काय कामाच्या? त्याचा व्हिडिओ आसपासच्या ऐंशी शेतकऱ्यांनी पाहिला, तर त्याचा हंगाम निघेल.

आणखी एक. गिऱ्हाइकाच्या घरात चित्रण करायचं तर आधी विचारा. दारावरची पाटी, घरातली मुलं, देव्हाऱ्यातली चांदी यातलं काही पडद्यावर जायचं कारण नाही.

डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल यांची गोष्ट निराळी. वकिलांना बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार जाहिरात करता येत नाही. स्वतः चालवलेल्या खटल्याच्या संदर्भात आपला फोटो छापून आणणंही त्यात बसत नाही. २००८मध्ये संकेतस्थळाची मुभा मिळाली, तीही नाव, पत्ता, पात्रता, कामाचं क्षेत्र अशा ठरावीक माहितीपुरती. सनदी लेखापालांवरचं बंधन तर १९४९च्या कायद्यातलं. डॉक्टरांसाठी २००२ची नियमावली आहे. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, सुट्टीवर जातोय, परत आलो, असं जाहीर करायला तिची हरकत नाही. रुग्ण ओढायला आहे. २०२३च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले होते, त्यांत समाजमाध्यमांबद्दलही तरतुदी होत्या. पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले. मधुमेह ‘मुळापासून’ घालवण्याची जाहिरात तर १९५४च्या कायद्याने कुणालाच करता येत नाही, तरी अशा चित्रफिती रोज आपल्यापुढे येतात. इन्सुलिन कसं टोचावं हे डॉक्टरांनी दाखवणं वेगळं आणि ‘माझ्याकडे या, मी बरं करतो’ म्हणणं वेगळं. पेशंटला बोलतं करून त्याच्याकडून कौतुक वदवून घेणं मला तरी खटकतं. त्या खुर्चीत बसलेला माणूस नाही म्हणू शकत नसतो.

व्हिडिओची मूळ प्रत स्वतःजवळ ठेवा. २०२०च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा ज्यांचं सगळं तिथेच होतं त्यांची पाटी एका रात्रीत पुसली गेली. आणि फोन नंबर चित्रात लिहू नका, बोलूही नका. तो खालच्या वर्णनात द्या. वर्णन केव्हाही बदलता येतं. चढवलेला व्हिडिओ मात्र तोच दुवा ठेवून बदलता येत नाही, आणि नंबर बंद पडला तरी लोक पुढची पाच वर्षं तोच फिरवत राहतात.