कच्ची वाट, पक्की सडक : धंद्यासाठी पहिली मोटारसायकल घेताना

कोकणातील एखाद्या होतकरू तरुणाने आखाताची वाट न धरता गावातच काही करायचे ठरविले, की त्याचा पहिला मोठा खर्च बहुधा दुचाकीचा असतो. हर्णैच्या लिलावातील मासळी दापोली-मंडणगडच्या आतल्या वाड्यांपर्यंत न्यायची असो, बेकरीचे पाव-टोस्ट दुकानोदुकानी टाकायचे असोत, अंडी असोत वा कपड्यांची फेरी असो, अर्धा प्रवास डांबरी सडकेवर आणि अर्धा जांभ्याच्या कच्च्या वाटेवर होतो. उन्हाळ्यात त्या वाटेवर सुटी खडी आणि लाल धूळ, पावसाळ्यात चिखल, शेवाळ आणि वाहते ओहोळ. दोन्हीकडे चालेल अशी छोटी गाडी कोणती, हा प्रश्न आमच्या तरुणांकडून वारंवार विचारला जातो. तो केवळ हौसेचा नाही. गाडी चुकली तर धंद्याचे भांडवल तिच्यातच अडकते आणि मासळी घ्यायला हातात पैसा उरत नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. पहिली गाडी हलकी असावी, गावच्या मेकॅनिकच्या हातातली असावी आणि रोखीने घेता येईल अशी असावी. दिसण्याचा विचार त्यानंतर.

दोन्ही प्रकारच्या रस्त्यांसाठी म्हणून बनविलेल्या गाड्या आपल्या देशात मोजक्याच झाल्या. हिरोची इम्पल्स २०११ साली आली. १५० सीसीची ही गाडी कच्च्या वाटेवर चांगली चाले, पण खप झाला नाही आणि काही वर्षांत ती बंद पडली. त्याच कंपनीने २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आणली. पुढचे चाक २१ इंची, मागचे १८ इंची, जमिनीपासून २२० मिलिमीटर उंची आणि लांब शॉकअप. मोठे चाक खड्ड्यात कमी अडकते, दगडावरून सहज चढते. गाडी म्हणून ती उत्तम आहे, यात वाद नाही. परंतु जाहिरातीत जे दिसतात ते लडाखचे डोंगर असतात. आपल्याला पन्नास लाद्या पाव घेऊन फजरच्या नमाजनंतर वाडीवर पोहोचायचे असते.

या गाडीची सीट जमिनीपासून सुमारे ८२५ मिलिमीटर उंच आणि वजन दीडशे किलोच्या वर. उलट स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटर आणि वजन ११२ किलो. हा चाळीसेक किलोंचा फरक शोरूमच्या फरशीवर कळत नाही. तो कळतो चढावर, चिखलात चाक घसरल्यावर. मागे बर्फासह मासळीचा क्रेट आहे, एक पाय जमिनीला टेकवायचा आहे आणि ज्या बाजूला गाडी कलली त्याच बाजूला उतार आहे, अशा वेळी बेताच्या उंचीच्या माणसाचा पाय पोहोचतच नाही. गाडी पडते. नव्या स्वाराची गाडी कच्च्या वाटेवर पडणारच, तेव्हा ती एकट्याने उचलता आली पाहिजे. म्हणून गाडी पाहायला जाल तेव्हा दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का ते बघा आणि मालकाच्या परवानगीने ती आडवी करून उचलून पाहा. दुकानदार हसला तर हसू द्या.

पूर्वी दूधवाले एस्कॉर्ट्सची राजदूत का वापरत, याचा विचार करावा. १७५ सीसीचे ते साधे इंजिन कोणत्याही खेड्यातील मिस्त्री खोलून जोडत असे. आज ते स्थान शंभर सीसीच्या चार स्ट्रोक गाड्यांचे आहे. त्यांचे सुटे भाग तालुक्याच्या बाजारातच नव्हे, तर तिठ्यावरच्या दुकानातही मिळतात. क्लचची तार तुटली म्हणून चिपळूण-मुंबईहून भाग येईपर्यंत दोन दिवस थांबणे मासळीवाल्याला परवडत नाही.

यातही निवड आहेच. स्प्लेंडरची जमिनीपासूनची उंची १६५ मिलिमीटर आहे. वाटेच्या मधोमध दगडांचा उंचवटा असेल तर इंजिनचा तळ घासतो. प्लॅटिनाची हीच उंची २०० मिलिमीटर आहे, मात्र तिची चाके १७ इंची, स्प्लेंडरची १८ इंची. बजाजने २०२१ मध्ये आणलेल्या सीटी ११० एक्सला इंजिनखाली संरक्षक पट्टी, मागे कॅरियर आणि जाड खाचांचे टायर कारखान्यातूनच दिले होते. मालवाहू माणसासाठी हा विचार योग्य होता. रोजचा फेरा लहान, गती कमी आणि ओझे अधिक असेल तर टीव्हीएसची एक्सएल १०० ही मोपेडही कमीपणाची मानू नये. घाटाचा चढ नसेल तर तिच्यासारखी मालवाहू स्वस्त गाडी नाही.

साध्या गाडीला कच्च्या वाटेसाठी तयार करणे फार खर्चाचे नाही. सर्वात मोठा फरक टायर पाडतात. सडक आणि माती या दोन्हींसाठी असलेले जाड खाचांचे टायर घालावेत. डांबरावर ते थोडे आवाज करतात आणि ओल्या वळणावर बेताने चालवावे लागतात. मागचे दातेरी चक्र दोन-तीन दात मोठे बसविले की चढावर ओढ वाढते, पण वरची गती आणि थोडे अ‍ॅव्हरेज कमी होते. इंजिनखाली लोखंडी पट्टी जवळच्या वेल्डरकडून बसवून घ्यावी. आऱ्यांचे चाक दगडावर वाकले तर पुन्हा सरळ होते, अलॉय चाक तडकते. मात्र अलॉयबरोबर येणारे ट्यूबलेस टायर पंक्चर झाले तर हवा हळूहळू जाते, हा त्याचा गुण. सडक जास्त असेल तर अलॉय, दगड जास्त असतील तर आरे. पूर्ण झाकलेली चेन चिखलात फार टिकते, उघडी चेन पावसाळ्यात वरचेवर धुऊन तेल द्यावी लागते. ड्रम ब्रेकमध्ये पाणी गेले तर ओहोळ ओलांडल्यावर थोडे अंतर ब्रेक हलके दाबून चालावे, म्हणजे तो सुकतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस ६ नियम लागू झाले आणि छोट्या गाड्यांतही कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. अ‍ॅव्हरेज व सुरू होणे सुधारले. पण बॅटरी पूर्ण उतरली तर किक मारूनही गाडी सुरू होईलच असे नाही, हे ध्यानात ठेवून बॅटरी वेळेवर बदलावी.

आता पैशाकडे येऊ. समजा हाती सव्वा लाख रुपये आहेत. एक्सपल्ससारखी नवी गाडी रजिस्ट्रेशन-विम्यासह दीड लाखाच्या पुढे जाते. म्हणजे सारे भांडवल गाडीत आणि वर कर्ज. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तरी हे गणित फारसे बदलत नाही. हप्त्यांवर घेणाऱ्यांनी तर कागद नीट वाचावा. नव्वद हजारांच्या कर्जावर '१० टक्के फ्लॅट' व्याज सांगितले, तर तीन वर्षांत २७ हजार व्याज आणि महिना ३,२५० रुपये हप्ता होतो. मुद्दल दरमहा फिटत असताना व्याज मात्र पूर्ण नव्वद हजारांवरच चालू राहते, म्हणून खरा दर जवळजवळ १८ टक्के पडतो. व्याज दीनमध्ये निषिद्ध आहे हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. नुसत्या व्यापारी हिशेबानेही हा सौदा वाईट आहे. 'शून्य टक्के व्याज' म्हणतात तेथे फाइलचा खर्च किती, आणि रोखीने घेतल्यास किती सूट मिळाली असती, हे दोन प्रश्न विचारावेत.

याउलट तीन-चार वर्षे वापरलेली चांगली शंभर सीसीची गाडी घेतली तर निम्म्याहून अधिक रक्कम मालासाठी उरते. चुलत्या-मामाकडून कर्जे हसना मिळत असेल तर जरूर घ्यावे, पण रक्कम आणि परतीची मुदत लिहून, साक्षीदारांसमोर. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत कर्जाचे व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे. घरातल्या घरात कशाला लिहायचे, या संकोचाने आमच्याकडे कितीतरी नाती बिघडली.

जुनी गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर काही लपविले जात आहे असे समजावे. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पुढचे चाक उचलून हँडल फिरवावे, मध्येच अडकल्यासारखे वाटले तर बेअरिंग गेले. मागचे चाक आडवे हलवून पाहावे. एअर फिल्टरचा डबा उघडावा, आत लाल माती असेल तर इंजिनानेही ती खाल्ली आहे. किनाऱ्यावरच्या गाडीची टाकीखालची चौकट आणि आऱ्यांची टोके गंजासाठी तपासावीत. मासळीवाल्याची गाडी असेल तर दुप्पट काळजी घ्यावी, कारण क्रेटमधून ठिबकणारे खारे पाणी कॅरियर, सायलेन्सर आणि वायरिंग खाऊन टाकते. आपण घेतल्यावरही रोज संध्याकाळी ती गोड्या पाण्याने धुवावी आणि क्रेटखाली पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा ट्रे ठेवावा.

ओझे किती घालायचे ते कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि त्यात स्वाराचे वजन धरलेले असते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. ओझे खाली आणि दोन्ही बाजूंना सारखे असावे. कॅरियरवर उंच रचलेला माल उतारावर गाडी डोलवितो. पहिले पंधरा दिवस माल न घेता मोकळ्या कातळावर सराव करावा. उतार पहिल्या गिअरमध्ये, क्लच न दाबता उतरावा, आणि सुट्या खडीवर पुढचा ब्रेक हलक्या बोटानेच लावावा. गिअरच्या गाडीचे लायसन्स अठरा वर्षांनंतरच मिळते आणि आयएसआय चिन्हाचे हेल्मेट वाडीवर जातानाही डोक्यावर हवे.

शेवटी कागदपत्रे. आरसी बुकावरील चेसिस व इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचून जुळवावेत. बुकावर फायनान्स कंपनीचा बोजा असेल तर तिचा ना-हरकत दाखला व फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. फॉर्म २९ व ३० वर सह्या घेऊन आरटीओत नाव बदलण्याचा अर्ज तीस दिवसांच्या आत करायचा असतो. विमा कंपनीला मात्र चौदा दिवसांतच कळवावे लागते.