बियाणे नवे, पण ते राखता येईल का?

बीड जिल्ह्यातील नारायणगडाच्या परिसरात कोरडवाहू शेतकऱ्याचा भरवसा कापसावर. वेचणी बहुतेक बायाच करतात आणि मजुरी किलोवर मिळते. बोंड किडले की शेतकऱ्याचे पीक जाते, तशी वेचणाऱ्या बाईची कमाईही बुडते. दिवसभर वाकून कवडी कापूसच हाती आला, तर वजन भरणार कसे? म्हणून बियाण्याचे विज्ञान आपल्या चुलीपर्यंत येऊन पोहोचते.

2002 साली भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीतील एका जिवाणूचा जनुक कापसात घालून हे बियाणे तयार केले होते. हिरवी बोंडअळी आटोक्यात आली. पण गुलाबी बोंडअळी त्या विषाला सरावली. 2017 साली तिने मराठवाड्यातील कापसाची धूळधाण केली. शिवाय बीटीचे बहुतेक वाण संकरित. घरचे बी पेरले तर पीक तसे येत नाही. दरसाल पाकीट विकत घ्यावे लागते.

आता जनुक संपादनाचे तंत्र आले आहे. यात बाहेरचा जनुक न घालताही पिकाच्या स्वतःच्याच जनुकात नेमक्या जागी बदल करता येतो. या शोधाबद्दल शार्पेंतिए आणि डाउडना या दोन शास्त्रज्ञ स्त्रियांना 2020 चे नोबेल पारितोषिक मिळाले. मे 2025 मध्ये आपल्या देशात अशा भाताचे दोन वाण जाहीर झाले. त्यांपैकी 'कमला' हा वाण हैदराबादच्या सरकारी भात संशोधन संस्थेने सांबा मसुरीपासून तयार केला. मूळ वाणापेक्षा 19 टक्के जादा उत्पादन आणि सुमारे 20 दिवस आधी कापणी, असा संस्थेचा दावा आहे.

बंधू-भगिनींनो, विज्ञानाचे स्वागत करू या. पण डोळे उघडे ठेवून. बीटीने दोन धडे दिले. पहिला, अळी कोणत्याही एका उपायाला सरावते. म्हणून डोमकळ्या तोडणे, कामगंध सापळे लावणे, फरदड न घेता पऱ्हाटी वेळेवर उपटणे ही कामे नव्या बियाण्यानेही सुटणार नाहीत. दुसरा धडा, राखता येणारे बी हीच गरिबाची पुंजी. 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला आपल्या पिकातील बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देण्या-घेण्याचा हक्क दिला आहे. पण संकरित बियाण्यापुढे तो हक्क कागदावरच राहतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाने बीटी कापसाचे सरळ वाणही काढले आहेत. त्यांचे बी राखता येते.

उद्या संपादित कापूस बाजारात आला, तर जादा उत्पादनाच्या जाहिरातीला भुलू नका. दुकानदाराला पहिला प्रश्न विचारा: वाण सरळ की संकरित?